अर्ध्या पाण्याची बाग

आमच्या घरात द्राक्षं कुणालाच आवडत नव्हती, हे आधी सांगून टाकते. मोठेबाबांचे दात आंबायचे, बाबांना त्यापेक्षा पेरू बरा वाटायचा, आणि मोठ्याईनं एकदा त्यांचं लोणचं घालून पाहिलं ते बरणीसकट उकिरड्यावर गेलं. तरी जानेफळहून हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं जे सगळ्यात चांगलं वावर होतं, त्यात मोठेबाबांनी द्राक्षाची बाग लावली. कारण एवढंच, की ते नाशिककडे एका लग्नाला गेले होते आणि तिथल्या पाहुण्यांनी त्यांना बागेत मांडवाखाली खुर्ची टाकून बसवलं होतं. माणूस खुर्चीवर बसून काय ठरवील याला काही धरबंध नसतो. परत आले ते तोंडात थॉमसन, छाटणी आणि डावणी असले शब्द घेऊनच, आणि पुढच्या हंगामात आमच्या ज्वारीच्या वावरात लोखंडी अँगल उभे राहिले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते, आणि मोठ्याई त्यांची बायको. उंच, गोरे, धोतर नेहमी परीटघडीचं. शेतात काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शेतात उभं राहताना मात्र रोज पाहिलं. बांधावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याचा रामराम घेणं हेच त्यांचं खरं पीक होतं, आणि ते बारमाही होतं. माझे वडील त्यांच्यामागे 'हाव दादा' म्हणत फिरायचे. मोटर लाव म्हटलं की मोटर लावायची, बंद कर म्हटलं की बंद करायची. मला वडिलांचा राग येत नसे. राग यायलाही समोर काहीतरी ठाम असावं लागतं.

आई या घरातली धाकटी सून. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नसतं. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. हाक मारायला तिच्यापाशी शब्दच नव्हता. पण एका चुलीवर जेवायचं आणि एका विहिरीवर शेती करायची म्हटल्यावर बोलल्यावाचून कसं भागणार? त्यावरचा तोडगा मी होते. तिघंही एकाच स्वयंपाकघरात असलो तरी आई माझ्याकडे तोंड करून म्हणायची, "नंदे, तुह्या मोठ्या बाबाले सांग, भाकर वाढली." मोठेबाबांना तिचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. पण मी तो पुन्हा म्हणेपर्यंत ते ताटावर बसायचे नाहीत. मग ते माझ्याकडे पाहून आईला ठेचा वाढायला सांगायचे आणि मी तेही पुन्हा म्हणायची. मी घरात नसले तर आई दाराशी बोलायची. दारा, घरातलं मीठ सरलं बापा, असं ती दाराला सांगायची आणि संध्याकाळी मीठ यायचं. हे ऐकून आता माझ्या सुना पोट धरून हसतात. मला तेव्हाही हसू येत नव्हतं, आजही येत नाही. एवढ्या हुशार बाईनं एवढ्या पोकळ माणसापायी जन्मभर दाराशी बोलावं, याची मला चीड होती.

बागेच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या पलीकडे, आईचा मळा होता. वांगी, मेथी, भेंडी, कांदे, वाफ्यांच्या कडेनं सांबार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर, आणि बांधावर शेवगा. त्या घरात मी जे काही चवीचं खाल्लं ते त्या मळ्यातलं. हिरवी काटेरी वांगी चुलीच्या आरात भाजून, साल काढून, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून केलेलं भरीत. अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाचं कच्चं तेल. पावसाळ्याच्या शेवटी शेवग्याच्या शेंगांचं पातळ बेसन. जानेफळच्या बाजारात आईच्या वांग्यांना नाव होतं. बाया पाटी उतरायच्या आधीच येऊन उभ्या राहायच्या. हिवऱ्याला आश्रमाचा हिवाळ्यातला उत्सव असतो, तिथल्या पंगतीत वांग्याची भाजी असते, आणि दर साली आमच्या मळ्यातून त्या भाजीसाठी पोती भरून वांगी जायची. पोत्यांची तोंडं आई स्वतः शिवायची. त्या घरात तिचं म्हणण्यासारखं जे होतं ते एवढंच होतं.

विहीर एकच. पूर्वी लाइन, म्हणजे वीज, आली की एक दिवस ज्वारी-गव्हाला पाणी, एक दिवस मळ्याला, अशी पाळी होती. बाग आली आणि पाळी मोडली. वेलींचं झाल्यावर विहिरीत जे उरेल ते मळ्याचं, आणि उरायचं ते मोटर गुळण्या टाकायला लागेल एवढंच. वाफे एकेक करून सुटत गेले. आधी मेथी गेली, मग भेंडी. आईनं माझ्या तोंडून निरोप पाठवला, की वांगी सुकून राह्यली. मोठेबाबा पान लावत होते. पान लावता लावताच म्हणाले, "तुह्या मायले म्हन, वांगं कुत्रंबी खात नाही. द्राक्ष इमानात बसून जाते." आमची द्राक्षं विमानात कधी बसली नाहीत. ती मेहकरला टेम्पोत जायची, वर गोणपाट टाकून, आणि निम्मी वाटेत फुटायची.

अशात कृषी विद्यापीठाचे सातपुतेसाहेब आमच्या घरी आले. पाणी हाच त्यांचा विषय होता. शेतकरी द्राक्षाच्या वेलीला उगीच ढसाढसा पाणी पाजतो, अर्ध्या पाण्यातही तेवढंच फळ येतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांना आमच्या बागेत सिद्ध करून दाखवायचं होतं. तपासायचं नव्हतं, सिद्ध करायचं होतं. मी पुढे सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि या दोन शब्दांतला फरक पोरांना समजावताना दर वर्षी माझ्या डोळ्यांपुढे सातपुतेसाहेबांचा धुतलेला रुमाल आला. पाटावर बसण्याआधी ते तो पाटावर अंथरत. मोठेबाबांना प्रयोगात काडीचा रस नव्हता. पण साहेबांची जीप आपल्या दारात उभी राहणार यात त्यांना फार रस होता. ते लगेच हो म्हणाले.

आई मधल्या दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं मला हाताला धरून जवळ ओढलं आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "इचार तुह्या मोठ्या बाबाले, अर्ध्या पाण्यात बाग आली तं उरलेलं पाणी कोनाचं?" मी विचारलं. साहेब समोर बसलेले, हातात बशी. मोठेबाबा साहेबांकडे पाहून उदारपणे हसले आणि म्हणाले, मळ्याचं, अजून कोनाचं. त्यांना वाटत होतं की अर्ध्या पाण्यावर बाग कधीच येणार नाही, तेव्हा द्यायला जातंय काय. आई आत गेली आणि साहेबांसाठी भाकरीचं पीठ मळायला बसली. तिचा मळा आता सातपुतेसाहेबांच्या हातात होता, आणि त्या हातांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

बागेचे पट्टे पाडले. काही पट्ट्यांना पूर्ण पाणी, काहींना अर्धं. कुठल्या पट्ट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. साहेबांनी चिठ्ठ्यांच्या गोळ्या केल्या, रुमालात हलवल्या आणि मला उचलायला लावल्या. रस्त्याला लागून असलेल्या पट्ट्याला निघालं अर्धं पाणी. मोठेबाबांचं तोंड पडलं. ते म्हणाले की ही चिठ्ठी काही बरोबर निघाली नाही, पुन्हा टाका. आमच्याकडे देवाला कौल लावताना असंच करतात; देव नाही म्हणाला की थोडं थांबून पुन्हा लावायचा, आणि हो म्हणेपर्यंत देवाला सोडायचं नाही. सातपुतेसाहेबांनी त्यांना समजावलं की चिठ्ठी एकदाच टाकायची असते, नाहीतर प्रयोगाला अर्थ उरत नाही. मोठेबाबांनी मग दुसऱ्या बाजूनं धरलं: अर्धं पाणी आतल्या अंगाला द्या, ज्याले कोनी पाहात नाही. साहेब बधले नाहीत. त्या माणसाबद्दल मला आदर वाटला तो तेवढाच एक दिवस.

साहेब दर गुरुवारी यायचे. नाला ओलांडताना जीपचा हॉर्न वाजायचा, म्हणजे चहा टाकायचा. ते वेलींतून फिरायचे, मुठीत माती घेऊन दाबून पाहायचे, घडांतले मणी मोजून घ्यायचे, आणि मग जेवायला बसायचे. त्यांना तिखट चालत नसे, म्हणून मोठ्याई त्या दिवशी सगळ्या घराला सपक जेवायला घालायची. जाताना जीपमध्ये मळ्यातली वांगी, कांद्याची पात, शेवग्याच्या शेंगा भरल्या जायच्या. तुमची वांगी म्हणजे अप्रतिम, असं म्हणत ते पिशवीचं तोंड स्वतः धरायचे. आणि त्याच तोंडानं मोठेबाबांना सांगायचे, की भाजीपाल्यावर पाणी घालवणं म्हणजे उधळपट्टी. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. शिकलेल्या माणसाचं पोट आणि डोकं यांची सहसा गाठ पडत नाही.

थंडी वाढली तसा फरक दिसायला लागला. पूर्ण पाण्याच्या पट्ट्यात मणी फुगत होते, पानं तळहाताएवढी झाली होती. बागेत पाखरांसाठी बांधलेल्या चमकीच्या पट्ट्या वाऱ्यावर दिवसभर घूं घूं करायच्या. रस्त्याकडच्या पट्ट्यात पानं आखडलेली, शेंडे थांबलेले, मणी बारीक. आणि हिवऱ्याचा उत्सव जवळ आला होता. उत्सवाच्या दिवसांत आमच्या बांधाला घासून सगळा मुलूख जातो; बैलगाड्या, टेम्पो, सायकली, पायी जाणाऱ्या बाया. ते सगळे थांबणार, बागेकडे पाहणार, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे येणार तो हा रोगट पट्टा. मोठेबाबांची झोप उडाली. ते रोज संध्याकाळी त्या वेलींपुढे उभे राहायचे आणि सुस्कारे टाकायचे. वेलींसाठी नव्हे. वेलींना तहान लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

उत्सवाआधीच्या शुक्रवारी आई आणि मी पहाटे वांगी तोडायला गेलो. मळ्याच्या वाट्याला जे थोडं पाणी यायचं ते त्या पहाटे यायचं होतं. लाइन आलेली होती, विहिरीवर मोटर वाजत होती, पण आमचा पाट कोरडा. वरच्या अंगानं पाण्याचा आवाज आला. आम्ही बांध चढून पाहिलं तर मोठेबाबा. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, पाय चिखलात, हातात रबरी पाइप, आणि रस्त्याकडच्या एकेका वेलीच्या बुडाशी उभे राहून तिला पोटभर पाजत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शेतात काम करताना पाहिलं, आणि तेही चोरीचं. बाबा मोटरीजवळ उकिडवे बसून बिडी ओढत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली.

मी म्हणाले, गुरुवारी साहेबांना सांगते. आईनं पदर पुढे ओढला, पाठ फिरवली आणि चालायला लागली. मळ्यात आल्यावर म्हणाली, "काही सांगू नको. पाजू दे त्याले. पोटभर पाजू दे." मला वाटलं ती भ्याली. पुढचे कितीतरी दिवस मी तिच्याशी तुटक बोलत होते. गुरुवारी साहेब येऊन गेले की शुक्रवारी पहाटे तो पाइप निघायचा, आणि शुक्रवार हा मळ्याचा दिवस. हंगाम सरेपर्यंत असं चाललं. एका गुरुवारी साहेबांनी रस्त्याकडच्या पट्ट्यात खुरप्यानं उकरून पाहिलं आणि म्हणाले की खाली ओल बरीच दिसते. मोठेबाबा म्हणाले, काळी जमीन हाये साहेब, धरून ठेवते. साहेब थोडा वेळ त्या ओल्या मातीकडे पाहत राहिले. मी अगदी जवळ उभी होते. त्यांना कळलं होतं, असं मी आजही शपथेवर सांगेन. पण वेली हिरव्या होत होत्या, मणी फुगत होते, त्यांचं म्हणणं खरं ठरत होतं. त्यांनी माती खाली टाकली, हात रुमालाला पुसले आणि वा म्हणाले. त्या साली हिवऱ्याला आमची पोती गेली नाहीत. एक टोपली गेली, आणि ती घेऊन जाणाऱ्या माणसासमोर आई उभीसुद्धा राहिली नाही.

फळ तोडणीला आल्यावर साहेबांनी बागेत शेतकरी मेळावा घेतला. मांडव, खुर्च्या, नारळ, हार. गावोगावचे शेतकरी आले, खुर्च्यांवर बसले आणि द्राक्षं खायला लागले. साहेबांनी जाहीर केलं की अर्ध्या पाण्याच्या पट्ट्यात आणि पूर्ण पाण्याच्या पट्ट्यात फळाचा काही फरक आढळला नाही. टाळ्या झाल्या. मग मोठेबाबा बोलायला उभे राहिले. पाण्याचा थेंब न् थेंब कसा जपावा, जुन्या लोकांनी पाणी कसं उधळलं, आपण विज्ञानाची कास कशी धरली, असं बरंच बोलले. विज्ञानाची कास धरलेले ते हात मी चिखलानं माखलेले पाहिले होते. शेवटी रस्त्याच्या कडेला पत्र्याचा मोठा बोर्ड उभा केला, 'अर्ध्या पाण्यावरची यशस्वी द्राक्षबाग'. खाली मोठेबाबांचं नाव, द्राक्षबागेपेक्षा मोठ्या अक्षरांत.

एवढ्यात सातपुतेसाहेबांना बायकांची आठवण झाली. आम्ही मांडवाच्या कडेला उभ्या होतो. ते आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरच्या. तुम्हाला काय वाटतं या प्रयोगाबद्दल?" सगळा मांडव वळून पाहायला लागला. मोठेबाबांच्या गळ्यात हार होता आणि चेहरा मातीसारखा झाला होता. तिच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर तो हार तिथेच उतरला असता. आईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि मला म्हणाली, "साहेबाले सांग, मोठे बाबा म्हनतात ते खरं. बाग अर्ध्या पाण्यात आली. आता उरलेलं पाणी मळ्याचं, हेबी त्यायनंच म्हनलं होतं." मी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून ते सांगितलं. साहेब खूश झाले, हेच ते, हेच ते म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. बाबा सवयीनं 'हाव दादा' म्हणून गेले, आणि मोठेबाबांनाही मान हलवावी लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पहाटे मी ज्याला भ्याडपणा समजले होते, ते काय होतं हे मला त्या मांडवात कळलं, आणि मला माझ्या आईचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मेळाव्याला आलेल्या एकाही शेतकऱ्यानं पुढे आपल्या बागेचं पाणी अर्धं केलं नाही. ते बुंदी खाऊन, टाळ्या वाजवून घरी गेले आणि आपल्या वेलींना होतं तेवढंच पाणी देत राहिले. साहेबांना बढती मिळाली, ते दुसरीकडे गेले, आणि गुरुवारचा हॉर्न बंद झाला. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसेलही. वेलीला कमी पाण्याची सवय लावता येते, ती नीट लावली तर. पण ते आमच्या वावरात कधी तपासलंच गेलं नाही. जे तपासलं गेलं ते एवढंच, की पूर्ण पाणी दिलं तर पूर्ण फळ येतं. हे माझ्या आजोबांच्या बैलालाही ठाऊक होतं.

पुढच्या साली पाळी खरोखर लागली, एक दिवस बाग, एक दिवस मळा. मळ्याच्या दिवशी आई उजाडायच्या आत फावडं घेऊन पाटावर उभी असायची. पाऊस कमीच झाला होता. छाटणीनंतर बाग फुटली आणि पहिल्यांदाच तिला खरं अर्धं पाणी मिळायला लागलं. मोठेबाबांना शुक्रवार उरला नव्हता. साहेब होते तेव्हा निदान सहा दिवस मोकळे होते; आता तो बोर्ड वाचून कुणीही, केव्हाही, थेट बागेत शिरायचं. संग्रामपूरकडचे काही शेतकरी मुद्दाम बाग पाहायला आले. त्यांनी बोर्ड वाचला, वेलींकडे पाहिलं, पुन्हा बोर्ड वाचला. मोठेबाबा म्हणाले, या वक्ती हवामान नाही साजलं. बाहेरून टँकर आणावा तर तोही रस्त्यावरूनच येणार, बोर्डासमोरून. पानांच्या कडा करपल्या, घड लोंबले पण मणी फुगले नाहीत. मळ्यात मात्र वांग्याची झाडं माझ्या कमरेला लागत होती, आणि आई पुन्हा पोत्यांची तोंडं शिवायला सुतळी शोधत होती.

एका दुपारी मोठेबाबा मळ्यात आले. त्या मळ्यात त्यांचं पाऊल मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आई वाफ्यात पाणी वळवत होती, मी बांधावर सांबार निवडत बसले होते. ते लांबच थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "नंदे, तुह्या मायले सांग, आता पंधरा दिवस पाणी बागीले पाह्यजे. फळ फुगाचा टाइम हाये. गोष्ट घरातल्या घरात राहीन."

मी तोंड उघडलं. त्याआधी आईनं फावडं चिखलात उभं रोवलं आणि वळून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. पदर डोक्यावर होता, जागच्या जागी. हाक मारायला शब्द नव्हता, म्हणून तिनं हाक मारलीच नाही. म्हणाली, "पाणी घेऊन जा. सारं घ्या, माह्या वांग्याचंबी घ्या. पन पह्यले तो बोर्ड काढा."

मोठेबाबा माझ्याकडे पाहायला लागले. सवय वाईट, मी ते शब्द पुन्हा म्हणेन म्हणून ते थांबले होते. मी सांबाराच्या काड्या मोडत राहिले. ते म्हणाले, नंदे. मी वर पाहिलं नाही. आई म्हणाली, "मांगच्या साली शुक्रवारी शुक्रवारी माह्या पाळीचं पाणी नेलं. तवाच मांगतलं असतं तं नाही म्हनलं नसतं." आणि तिनं फावडं उपटून पुढच्या वाफ्याचं तोंड मोकळं केलं.

ती खरंच देणार होती का, हे मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारलं. तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. हाव म्हणाली, वेलायचं काय चुकलं होतं?

मोठेबाबा बांध चढून रस्त्याकडे गेले. आम्ही दोघी खालून पाहत होतो. तो बोर्ड दोन अँगलवर उभा होता. दोन माणसांनी हलवला असता तर निघाला असता. ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता बोर्डाला हात घालणार, आणि क्षणभर मला त्यांची दयासुद्धा आली. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. बोर्डावर रस्त्याची धूळ बसली होती. ती त्यांनी दुपट्ट्यानं नीट पुसली, आपल्या नावावरची दोनदा पुसली, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि घराकडे चालायला लागले.

बाग त्या हंगामातच वाळली. उत्सवाला हिवऱ्याकडे जाणाऱ्यांनी वाळलेली बाग पाहिली आणि तिच्यासमोर लखलखणारा बोर्डही पाहिला, आणि त्याच गर्दीतून आईच्या वांग्यांची पोतीही गेली. उन्हाळ्यात बाबांनी वेली तोडून ओसरीत रचल्या. जाळ बरा व्हायचा, धूर मात्र फार. मळ्यातल्या त्या दुपारनंतर आई मोठेबाबांशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याच संध्याकाळी, मळ्यातून आल्यावर, तिनं रोजच्यासारखी चूल पेटवली, भाकरी थापल्या, ताट वाढलं. मोठेबाबा दारात येऊन उभे होते. आईनं माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "नंदे, तुह्या मोठ्या बाबाले सांग, भाकर वाढली." मी पुन्हा म्हणेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग मी म्हणाले, आणि ते बसले. ताटात वांग्याची भाजी होती.